सूर येतो, पण लोकांसमोर हात थरथरतो

श्रावण सरत आला की या सदराकडे हौशी वादकांची पत्रे येऊ लागतात, कारण गणेशोत्सवातील मंडळांचे कार्यक्रम तोंडावर आलेले असतात आणि त्यापाठोपाठ महाविद्यालयांचे युवक महोत्सव व स्नेहसंमेलने यांचेही वेध लागतात. या वेळी एकाच विषयावरची तीन पत्रे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार. मी लातूरला एका पतसंस्थेत नोकरी करतो. माझे वय ३६ आहे. नोकरी सांभाळून गिटार शिकलो आणि या वर्षी आम्ही पाच मित्रांनी मिळून एक हौशी बँड सुरू केला. एक जण गातो, एक जण कीबोर्ड वाजवतो, दोघे ऑक्टोपॅड आणि कॅजोन (हाताने वाजवायची लाकडी पेटी) सांभाळतात आणि मी गिटार वाजवतो. दर रविवारी एका मित्राच्या दुकानावरच्या खोलीत आमचा सराव होतो आणि तिथे माझे सगळे व्यवस्थित चालते. मध्यंतरी एका सहकाऱ्याच्या घरी वाढदिवसाला पाहुण्यांसमोर वाजवण्याची वेळ आली. माझी बोटे गार पडली, उजवा हात थरथरू लागला, एफ कॉर्ड वाजेचना आणि दुसऱ्या अंतऱ्यात मी चक्क थांबलो. बाकीच्यांनी गाणे पूर्ण केले. मला कोणी काही बोलले नाही, पण तेव्हापासून गिटार हातात घेतली की तोच प्रसंग आठवतो. गणपतीत आमच्या कॉलनीच्या मंडळासमोर कार्यक्रम ठरला आहे. ही भीती घालवण्याचा उपाय सांगावा. की हा आपला पिंडच नाही असे समजून मी बँड सोडावा?

उत्तर : बँड सोडू नका, हे आधी स्पष्ट सांगते.

त्या दिवशी तुमच्या शरीरात काय घडले ते समजून घेतले, तर स्वतःला लावलेला निम्मा बोल आपोआप कमी होईल. अनेक नजरा एकाच वेळी आपल्याकडे वळल्या की मेंदू त्या प्रसंगाची नोंद धोका म्हणून करतो आणि मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रेनालिन रक्तात मिसळते. त्यामुळे हृदयाचे ठोके वाढतात, श्वास उथळ होतो, तोंडातील लाळ कमी होते, तळहातांना घाम सुटतो आणि बोटांच्या त्वचेकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आकसून रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते. पळण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी ही तयारी उत्तम असते. परंतु एफ कॉर्डसाठी तर्जनी आडवी टेकवून सहाही तारा सारख्या दाबणे हे बारीक नियंत्रणाचे काम आहे आणि ते गार, घामेजलेल्या बोटांना अवघड जाते. त्या दिवशी कॉर्ड वाजली नाही याचे कारण इतके साधे आहे. त्यासाठी तुमच्या पिंडापर्यंत जाण्याची गरज नाही.

ही भीती केवळ नवख्यांना वाटते, असेही समजू नका. व्लादिमीर होरोविट्झ हे विसाव्या शतकातील अग्रगण्य पियानोवादकांपैकी एक. रंगमंचाच्या भीतीने ते त्रस्त असत आणि १९५३ ते १९६५ अशी बारा वर्षे ते जाहीर मैफलींपासून दूर राहिले. चेलोवादक पाब्लो कासाल्स यांचा जन्म १८७६ मधला आणि मृत्यू १९७३ मधला. इतक्या दीर्घ आयुष्यात कार्यक्रमापूर्वीची धास्ती आपल्याला कधीच सोडून गेली नाही, असे त्यांनी स्वतः सांगून ठेवले आहे. कासाल्स मात्र वाजवत राहिले. म्हणून तुमच्या प्रश्नात मी थोडा बदल सुचवते. भीती घालवायची कशी, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा आणि भीती असतानाही हात कसा चालेल, याचा विचार करा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा दुसऱ्याच्या उत्तरातूनच हळूहळू मिळते.

माझ्या मते यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट कानाची आहे. रविवारच्या सरावात तुमचा कान कोठे असतो, ते आठवून पाहा. तो गाणाऱ्या मित्राच्या ओळीकडे असतो, कॅजोनच्या ठोक्याकडे असतो, कीबोर्डवाला कॉर्ड केव्हा बदलतो तिकडे असतो. वाढदिवसाच्या दिवशी हाच कान आत वळला. तुम्ही गाणे ऐकण्याऐवजी स्वतःला ऐकू लागलात, बोट नीट पडले का, हात थरथरतो ते कोणाला दिसले का, समोरचे गृहस्थ का हसले, आणि एवढ्या गर्दीत गाण्यासाठी जागाच उरली नाही. सवयीने होणाऱ्या कामावर मुद्दाम पहारा बसवला की ते काम अडखळते. सरावात जी कॉर्ड विचार न करता पडते, ती लक्ष ठेवून पाडायला गेलात की चुकते. म्हणून कार्यक्रमात तुमच्यापुढे एकच काम ठेवा, कान बँडमध्ये ठेवण्याचे. प्रत्येक गाण्यासाठी आधीच ठरवून घ्या की मुखड्याला मी कॅजोन ऐकणार आणि अंतऱ्याला गायकाचे शब्द ऐकणार. मन भरकटेलच, पण भरकटल्यावर परत येण्याची जागा ठरलेली असेल.

लोक आपल्याकडे किती बारकाईने पाहतात, याविषयीचा आपला अंदाज नेहमीच फुगलेला असतो. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे सांगण्यासारखा आहे. विद्यार्थ्यांना संकोच वाटेल असे चित्र छापलेला टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवले गेले. खोलीतल्या सुमारे निम्म्या लोकांच्या ते चित्र लक्षात आले असेल, असा त्या विद्यार्थ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ते सुमारे पाव लोकांच्याच लक्षात आले होते. तुमच्या कॉलनीच्या मांडवात तर मुले पळापळ करणार, कोणी आरतीच्या ताटाची व्यवस्था पाहणार, कोणी उशिरा आलेल्या पाहुण्यांसाठी खुर्ची शोधणार. तिथे आलेल्या माणसांना गाणे ओळखीचे वाटावे आणि त्यावर मान हलवता यावी, एवढीच अपेक्षा असते. तुमची थरथर तुम्हाला जितकी जाणवते, त्याच्या अंशानेही ती तिसऱ्या रांगेत बसलेल्याला दिसत नाही.

आता तयारीविषयी. घरी ज्या गोष्टी जेमतेम जमतात, त्या मांडवात जमणार नाहीत; म्हणून पहिल्या कार्यक्रमासाठी आपल्या कुवतीच्या थोडी अलीकडची गाणी निवडा. एफ कॉर्डचा बागुलबुवा तर आजच दूर करता येईल. गाणे सी स्केलमध्ये असेल आणि त्यात सी, एफ, जी या कॉर्ड येत असतील, तर पाचव्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकत्र दाबणारा चिमटा) लावा आणि जी, सी, डी यांचे आकार धरा. स्वर तेच राहतील आणि एफची आडवी पकड करावी लागणार नाही. यात कसलीही कमतरता मानू नका, मुरलेले वादकही सोयीसाठी कॅपो लावतात. एफ कॉर्डचा रियाज घरी चालू ठेवा आणि ती पुढच्या वर्षीच्या गणपतीत वाजवा.

रविवारच्या सरावाची पद्धतही बदलायला हवी. चूक झाली की थांबायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे, अशी बहुतेक हौशी बँडची सवय असते. तिचा परिणाम असा होतो की गाण्याची सुरुवात पक्की होते, शेवट कच्चा राहतो आणि चूक झाल्यावर थांबणे हेच हाताला शिकवले जाते. तुम्ही दुसऱ्या अंतऱ्यात थांबलात, ते या सवयीमुळेही घडले असावे. म्हणून सरावाच्या शेवटच्या अर्ध्या तासात नियम करा की काहीही झाले तरी गाणे थांबणार नाही. ज्याचा धागा सुटेल त्याने तारांवर तळहात ठेवून त्या मुक्या करायच्या, उजव्या हाताचा ठेका मात्र चालू ठेवायचा आणि पुढच्या ओळीला किंवा फार तर पुढच्या मुखड्याला आत यायचे. हरवलो तर सगळ्यांनी मुखड्यावर भेटायचे, एवढा करार पाचही जणांत असला की मनावरचे मोठे ओझे उतरते. एकमेकांना मुद्दाम चकवण्याचाही सराव करा. एकाने मधेच वाजवणे बंद करावे आणि बाकीच्यांनी गाणे पुढे न्यावे. त्याशिवाय गाण्याच्या कोणत्याही भागापासून सुरुवात करता आली पाहिजे. आज दुसऱ्या अंतऱ्यापासून, उद्या मधल्या म्युझिकपासून, असे फिरवून वाजवा.

धडधडत्या छातीने वाजवण्याचाही सराव करता येतो. दुकानाचा जिना दोन-तीनदा झपझप चढून-उतरून या आणि दम लागलेला असतानाच गिटार उचलून पहिले गाणे सुरू करा. ठोके वाढलेले असताना, श्वास लागलेला असताना आणि हात घामेजलेले असतानाही गाणे पुढे जाते, हे शरीराने एकदा अनुभवले की मांडवात तीच लक्षणे आल्यावर ती अनोळखी वाटत नाहीत. मात्र हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी हे करू नये. सराव उभे राहून करा, कार्यक्रमाला घालणार तेच कपडे घालून एकदा करा आणि मोबाइलवर चित्रण चालू ठेवून करा, कारण समोर फोन ठेवला तरी मनावर दडपण येते आणि तेवढे दडपण सुरुवातीला पुरेसे असते.

श्रोत्यांची संख्या टप्प्याटप्प्याने वाढवा. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला आधी डबा बांधतात आणि हात-पाय मारता येऊ लागले की तो सोडतात. तसेच हे आहे. आधी घरची माणसे, मग शेजारची दोन कुटुंबे, मग पतसंस्थेतील सहकारी आणि त्यानंतर मंडळ. तुमच्या बाबतीत मधल्या पायऱ्या वगळल्या गेल्या आणि तुम्ही एकदम खोल पाण्यात उतरलात.

या पायऱ्या मराठवाड्यात शोधाव्या लागत नाहीत, म्हणून त्यांविषयी थोडे अधिक लिहिते. ही संत नामदेवांच्या नरसीची, जनाबाईंच्या गंगाखेडची आणि एकनाथांच्या पैठणची भूमी आहे. येथे गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह होतात आणि एकादशीला मंदिरात भजन असते. भजनी मंडळात नवख्याला कोणी एकट्याला पुढे उभे करून त्याची परीक्षा घेत नाही. त्याच्या हातात टाळ देतात आणि त्याला मागच्या रांगेत उभे करतात. त्याचा टाळ चुकला तरी पखवाज थांबत नाही आणि अभंग अडत नाही. महिन्या-दोन महिन्यांत तो न सांगता सावरतो आणि एक पाऊल पुढे सरकतो. भीमगीतांच्या गायन पार्ट्यांमध्येही मी हेच पाहिले आहे. नवे मूल आधी कोरसमध्ये गाते, मग एखादी ओळ एकट्याने गाते आणि १४ एप्रिलच्या मोठ्या गर्दीसमोर येईपर्यंत त्याला गर्दीची सवय झालेली असते. आपल्या लोकांनी पिढ्यानपिढ्या वापरलेली ही रीत आधुनिक बँडने सोडून देण्याचे काहीच कारण नाही. तुमच्या भागातील भजनी मंडळाला विनंती करून गिटार घेऊन बसता येते का, ते पाहा. गिटार नको म्हणाले तर टाळ घ्या. लोकांसमोर वाजवत असताना कान दुसऱ्याकडे ठेवण्याचा याहून चांगला सराव मला माहीत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी अ‍ॅड्रेनालिनमुळे लय वाढते, हे सर्वांनी लक्षात ठेवावे. आपल्याला वाटते की आपण नेहमीच्याच गतीने वाजवतो आहोत, पण गाणे धावत असते आणि गायकाचा श्वास पुरत नाही. कॅजोन वाजवणाऱ्याने मोबाइलमधील मेट्रोनोमवर (ठरावीक गतीने ठोके देणाऱ्या साधनावर) प्रत्येक गाण्याची गती आधीच लिहून ठेवावी, सुरुवातीला ती पाहूनच चार मोजावेत आणि मोजण्यापूर्वी मुखड्याची एक ओळ मनात म्हणून घ्यावी.

ध्वनिव्यवस्थेसाठी लवकर पोहोचा. मंडळाच्या कार्यक्रमात वादकांसाठी वेगळा मॉनिटर, म्हणजे त्यांच्याकडे तोंड केलेला बॉक्स, बहुधा नसतो, सगळे बॉक्स लोकांकडे तोंड करून ठेवलेले असतात आणि मग वादकाला स्वतःच्या बँडचेच ऐकू येत नाही. ज्याला साथीदार ऐकू येत नाहीत त्याचा कान आत वळणारच. साउंडवाल्या दादांना नम्रपणे सांगून एक बॉक्स तुमच्याकडे वळवून घ्या आणि तेही जमले नाही तर एकमेकांच्या इतके जवळ उभे राहा की कॅजोनचा प्रत्यक्ष आवाज कानावर येईल. वीज गेली आणि जनरेटर सुरू होईपर्यंत वेळ लागला तर काय करायचे, तेही आधीच ठरवा. कॅजोन आणि टाळ्यांवर मुखडा चालू ठेवता येतो आणि लोक आनंदाने म्हणू लागतात. गिटारला लावायचा ट्यूनर, घाम पुसायला सुती रुमाल आणि बोटे शेकण्यासाठी थर्मासमध्ये गरम पाणी जवळ असू द्या. पोट रिकामे नको आणि तडस लागेपर्यंत भरलेलेही नको. चहा-कॉफीने धडधड वाढते, म्हणून त्या दिवशी ती बेताने घ्या.

नाव पुकारण्यापूर्वीच्या पाच मिनिटांत श्वासाकडे वळा. चार अंक मोजत नाकाने श्वास घ्या आणि सहा ते आठ अंक मोजत तो सावकाश सोडा. उच्छ्वास लांबवला की हृदयाची गती कमी करणारी मज्जासंस्थेची बाजू कामाला लागते, त्यामुळे दोन-तीन मिनिटांतही फरक जाणवतो. त्याच वेळी स्वतःला ‘शांत हो’ असे बजावत बसू नका, कारण धडधडणारे शरीर आज्ञेने शांत होत नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलमधील संशोधक अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, गाण्यापूर्वी ‘मी उत्सुक आहे’ असे मोठ्याने म्हणणाऱ्यांचे गाणे ‘मी घाबरलो आहे’ असे म्हणणाऱ्यांपेक्षा सरस ठरले. भीती आणि उत्सुकता या दोन्हींत छाती सारखीच धडधडते, त्यामुळे एकीकडून दुसरीकडे जाणे तुलनेने सोपे असते.

एक गोष्ट तुमच्या मित्रांनाही सांगायची आहे. कोणी काही बोलले नाही, असे तुम्ही लिहिले आहे. त्यांनी ते चांगल्या मनाने केले असेल, पण त्या मौनामुळे तुम्ही एकटे पडलात. येत्या रविवारी तुम्हीच विषय काढा. मला खात्री आहे की पाचांपैकी आणखी कोणीतरी आपलीही छाती धडधडत होती हे कबूल करील. आणि कार्यक्रम संपल्यावर त्याच रात्री कोणाच्या चुका काढायच्या नाहीत, असा नियम बँडने करावा. चर्चा दोन दिवसांनी चित्रण पाहून करावी. तोवर मन निवलेले असते आणि चित्रणात तुम्हाला आठवते त्यापेक्षा बरे ऐकू येते.

प्रश्न : ताई, मी नांदेडला द्वितीय वर्षात शिकते आणि महाविद्यालयाच्या बँडमध्ये बासरी वाजवते. मंचावर गेले की तोंडाला कोरड पडते, श्वास तुटतो आणि खालचा सूर लावायला जावे तर तो एकदम वरच्या सप्तकात उडतो. आमच्या बँडमधील एक दादा कार्यक्रमापूर्वी एक गोळी घेतात, तिने हात थरथरत नाहीत म्हणे. त्यांनी मलाही ती देऊ केली आहे. घ्यावी का?

उत्तर : घेऊ नकोस. तू विचारलेस हे फार चांगले केलेस.

ती गोळी बहुधा प्रोप्रॅनोलॉल असावी. हृदयाची अनियमित गती, उच्च रक्तदाब आणि अर्धशिशी यांसारख्या तक्रारींवर डॉक्टर ती देतात. ती अ‍ॅड्रेनालिनचा शरीरावरचा परिणाम अडवते, त्यामुळे ठोके आणि थरथर कमी होतात. जगभरातील व्यावसायिक वादक तिचा वापर करतात हे खरे आहे. अमेरिकेतील सिंफनी आणि ऑपेरा वाद्यवृंदांतील वादकांच्या १९८७ च्या पाहणीत २,२१२ जणांनी उत्तरे दिली होती आणि त्यांपैकी २७ टक्क्यांनी या प्रकारची औषधे घेतल्याचे सांगितले होते. परंतु दमा असणाऱ्याला ती गोळी गंभीर त्रास देऊ शकते, रक्तदाब मुळात कमी असणाऱ्याला तिने चक्कर येऊ शकते आणि मधुमेहींमध्ये रक्तातील साखर उतरल्याची लक्षणे तिने झाकली जातात. आपल्याकडे मुलींमध्ये रक्तदाब कमी असणे आणि उपाशीपोटी कार्यक्रमाला जाणे या दोन्ही गोष्टी सर्रास आढळतात. दुसऱ्याच्या पाकिटातली गोळी डॉक्टरांना न विचारता, तीही थेट कार्यक्रमाच्या दिवशी घेणे, यात मोठा धोका आहे. त्या दादांनीही ती कोणाच्या सल्ल्याने सुरू केली, हे तू त्यांना आपुलकीने विचार.

आता तुझ्या बासरीकडे वळू. सूर वर उडतो, कारण भीतीने ओठ आवळले जातात आणि फुंकेचा वेग वाढतो. वेगवान आणि अरुंद फुंकीने बासरी वरच्या सप्तकात जाणारच. घामामुळे बोट घसरून छिद्र थोडे उघडे राहिले तरी सूर फाटतो. म्हणून रोजच्या रियाजाची पहिली दहा मिनिटे मंद्र सप्तकातल्या लांब सुरांना दे आणि तानपुऱ्याच्या साथीने प्रत्येक सूर हलक्या फुंकीवर शेवटपर्यंत स्थिर ठेव. मंचावर श्वास घेण्यापूर्वी आधी श्वास पूर्ण सोड. घाबरलेला माणूस भरलेल्या छातीवरच आणखी श्वास घेत राहतो आणि मग त्याला श्वास पुरत नाही असे वाटते. कार्यक्रमापूर्वी गोड आणि दुधाचे पदार्थ टाळ, साधे पाणी घोट-घोट घे आणि कोरड पडलीच तर जिभेचा शेंडा दातांत अगदी हलका दाब, लाळ सुटते.

तुझा पहिला प्रवेश मध्य सप्तकातल्या एका लांब, स्थिर सुराने व्हावा, अशी विनंती कीबोर्ड वाजवणाऱ्याला कर. तान नंतर घेता येते. वातानुकूलित सभागृहात बासरी गार होऊन किंचित उतरते आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात चढते. त्यामुळे आत जाण्यापूर्वी ती काही मिनिटे फुंकून गरम कर आणि कीबोर्डच्या षड्जाशी ताडून पाहा. अनेकदा मुले याच फरकाने बेसूर होतात आणि दोष स्वतःच्या भीतीला देतात. वाजवताना वर लातूरच्या वाचकांना सांगितलेले तूही कर. कान कीबोर्डच्या सुरात ठेव, कारण सूर जुळवण्यात गुंतलेला कान लोकांकडे फारसा जात नाही.

कार्यक्रमाच्या आधी आठवडा-आठवडा झोप लागत नसेल, वर्गात बोलतानाही असेच होत असेल किंवा अचानक जीव गुदमरल्यासारखे झटके येत असतील, तर मात्र हा केवळ बासरीचा प्रश्न राहत नाही. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांना भेटण्यात संकोच करू नये. विचार आणि वर्तन यांवर काम करणारी उपचारपद्धती या त्रासावर उपयोगी पडते. केंद्र सरकारची टेली-मानस ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

प्रश्न : मी अंबाजोगाईची निवृत्त शिक्षिका आहे. आम्ही काही मैत्रिणींनी हार्मोनियम, कीबोर्ड, ढोलकी आणि टाळ असा छोटा वाद्यसमूह सुरू केला आहे आणि मी हार्मोनियम वाजवते. आयुष्यभर वर्गात न घाबरता बोलले, पण पेटीवर बसले की पुढच्या रांगेतील नातेवाईक दिसतात आणि चाल विसरते. समोर वही ठेवली तर चालेल का? या वयात लोक हसतील असे वाटते.

उत्तर : आदरणीय बाई, वही अवश्य ठेवा. त्यात कसलाही कमीपणा नाही. वहीत संपूर्ण स्वरलिपी मात्र लिहू नका, कारण घाबरलेल्या डोळ्यांना ओळी सापडत नाहीत आणि शोधताना लय सुटते. एका गाण्याला एक पान ठेवा, त्यावर पट्टी, पहिला स्वर, मुखड्याची पहिली ओळ आणि प्रत्येक अंतऱ्याचे पहिले दोन शब्द ठळक अक्षरांत लिहा. पाने मंचावरच्या पंख्याने उडतात, म्हणून चिमटे लावा. मोबाइलवरून वाचणार असाल तर पडदा आपोआप बंद होणार नाही याची सोय आधी करून घ्या आणि फोन विमान-स्थितीत ठेवा.

वर्गात तुम्हाला भीती वाटली नाही, कारण तिथे तुमचे लक्ष विषयाकडे आणि मुलांना तो कळतो आहे का याकडे असे. तुम्ही कशा दिसता याकडे नसे. पेटीवरही तेच करायचे आहे. बैठक अशी ठेवा की तुमचे तोंड लोकांकडे सरळ न येता ढोलकी वाजवणाऱ्या मैत्रिणीकडे तिरपे राहील. आपल्या भजनाच्या बैठकीतही साथीदार एकमेकांकडे वळूनच बसतात, त्यामुळे ते कोणालाही वावगे दिसणार नाही. तिच्या हाताकडे पाहत भाता चालवा, ठेका कानात भरू द्या. चाल विसरलीच तर षड्ज-पंचम धरून ठेवा. गाणाऱ्या मैत्रिणी पुढची ओळ घेतात आणि त्या ओळीबरोबर चालही परत येते.

वयाविषयी एवढेच सांगते की बोटांना गरम व्हायला आता अधिक वेळ लागतो. कार्यक्रमापूर्वी पंधरा मिनिटे मोकळ्या खोलीत अलंकार सावकाश वाजवून घ्या आणि पहिले गाणे मध्य लयीतलेच ठेवा. पुढच्या रांगेतील नातेवाइकांना आधी एखाद्या सरावाला घरी बोलवा. तिथे त्यांच्यासमोर दोन गाणी झाली असतील, तर मंचावरून त्यांचे चेहरे दिसल्यावर चाल विसरण्याची शक्यता पुष्कळ कमी होईल.